गुरुजींचा खाडा

डब्यांचा हिशोब ठेवायला मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर एक ‘बॉट’ केला. तो माझ्यापेक्षा हुशार निघेल असं वाटलं होतं. निघाला तो भारी आज्ञाधारक, आणि तिथेच गडबड झाली...

संध्याकाळचे सात वाजलेत. एका हातात कणकेचा गोळा, दुसऱ्या हाताला तेल आणि ओट्यावरचा फोन सारखा थरथरतोय. ‘काकू उद्या नको.’ ‘काकू उद्या दोन हवेत.’ ‘भाजी काय आहे?’ ‘सॉरी काकू, मघाशी नको म्हणाले, पण हवाय!’

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी जी कुणी डबे देते तिला हे चित्र वेगळं सांगायला नको.

कराडात मी गेली 11 वर्षं डबे देते. सध्या 34 गिऱ्हाइकं आहेत. इंजिनीअरिंगची मुलं-मुली, बदलीवर आलेले बँकेतले दोघं-तिघं, हॉस्पिटलमधल्या नर्सेस, आणि मुलं परगावी असलेली काही वयस्कर मंडळी. रात्री नऊपर्यंत उद्याचा आकडा कळला की पीठ किती भिजवायचं, वांगी किती आणायची याचा अंदाज लागतो. पाच डबे जास्त झाले तर त्या दिवसाचा नफा गेला. पाच कमी पडले तर माणसं गेली.

गेल्या वर्षी असंच एक माणूस गेलं. नाइट ड्यूटी करणाऱ्या एका नर्सचा ‘उद्या हवा’ हा मेसेज 40-50 मेसेजच्या गर्दीत माझ्याकडून वाचायचाच राहिला. रात्रभर उभी राहून ती खोलीवर आली, तर दारात डबा नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती काही बोलली नाही, महिन्याचे पैसे चुकते केले आणि दुसरी खानावळ लावली. ते मला फार लागलं.

सुट्टीत आलेल्या पुतणीला हे सांगितलं. ती पुण्यात कॉम्प्युटर शिकते. म्हणाली, “काकू, याला बॉट लागतो. आणि तो तूच करायचास. मी केला तर मी पुण्याला गेल्यावर बिघडलेला कोण दुरुस्त करणार?”

मी हसले. पण मिक्सर बिघडला की मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतेच की!

बॉट म्हणजे कोण?

बॉट म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम. समोर माणूस नसतो, आपण लिहून ठेवलेले नियम असतात. ‘असं विचारलं तर असं सांग, हे बटण दाबलं तर ते लिहून ठेव.’ बस.

ही कल्पना नवी मुळीच नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाऊम नावाच्या प्राध्यापकांनी 1966 मध्ये असा गप्पा मारणारा प्रोग्रॅम जगापुढे आणला. त्याचं नाव ‘एलायझा’. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या फुलं विकणाऱ्या मुलीचं. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं, म्हणजे ही एलायझा आपल्या मंजुळाची सख्खी बहीणच म्हणायची! एलायझाला कळत काहीच नव्हतं. समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि त्याचाच प्रश्न करून परत द्यायचा, एवढंच तिचं काम. तरी वायझेनबाऊम यांनी पुढे लिहून ठेवलंय की, त्यांना कित्येक महिने हा प्रोग्रॅम तयार करताना पाहिलेली त्यांची सेक्रेटरी एलायझाशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात त्यांना म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर जाता का?”

मला ही गोष्ट ऐकून गंमत वाटली होती. तिचा अर्थ मात्र पुढे कळला. समोरून उत्तर आलं की आपण धरून चालतो, त्याला आपलं कळतंय.

टेलिग्रामच का?

आपण सगळ्या व्हॉट्सअॅपवर. माझाही पहिला प्रश्न तोच होता. व्हॉट्सअॅपचं धंद्यासाठीचं वेगळं फुकट अॅप भारतात 2018 मध्ये आलं. त्यात ‘सध्या मी कामात आहे’ असं ठरावीक उत्तर आपोआप देता येतं, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात. ज्यांना एवढंच पुरे त्यांनी तेच घ्यावं. पण प्रत्येकाचं उत्तर वहीत मांडून बेरीज करणारा खरा बॉट हवा असेल, तर व्हॉट्सअॅपची कंपन्यांसाठीची वेगळी सोय घ्यावी लागते. तिथे नोंदणीचे सोपस्कार असतात आणि आपण होऊन पाठवलेल्या संदेशांना पैसे पडतात.

टेलिग्रामनं 2015 मध्ये बॉट बनवायची सोय सर्वांना फुकट खुली केली. तिथे ‘बॉटफादर’ नावाचा एक बॉट आहे, सगळ्या बॉटांचा बाप! निळी खूण असलेला तोच खरा. त्याला ‘न्यूबॉट’ अशी आज्ञा द्यायची, बॉटचं नाव सांगायचं, आणि शेवटी ‘बॉट’ ही अक्षरं येतील असं इंग्रजीत युजरनेम द्यायचं. झालं. तो एक लांबलचक अक्षर-आकड्यांची ओळ देतो. तिला ‘टोकन’ म्हणतात. ती घराची किल्ली समजा. ज्याच्या हातात ती पडली तो तुमच्या बॉटच्या नावानं कुणालाही काहीही पाठवू शकतो. चुकून कुणाला दिसलीच, तर बॉटफादरकडून जुनी रद्द करून नवी घेता येते.

एक अट मात्र आहे. बॉट आपण होऊन अनोळखी माणसाला मेसेज करू शकत नाही. आधी त्या माणसानं ‘स्टार्ट’ दाबावं लागतं. मला ही अट आवडली. मग मी काय केलं, डब्याच्या झाकणावर चिठ्ठ्या चिकटवल्या. 25 जणांनी स्टार्ट दाबलं. उरलेल्या नऊ जणांकडे टेलिग्राम नव्हतं, त्यांचा फोनच चालू राहिला. कुणावर जबरदस्ती नाही.

फ्लास्क, पण चहाचा नव्हे

आता प्रोग्रॅम. पुतणीनं मला पायथॉन ही भाषा शिकवली. शिकवली म्हणजे काय, माझ्या कामापुरती! पंधरा दिवस, दुपारी दोन ते चार. पण मेसेज इंटरनेटवरून घ्यायचे, समजून घ्यायचे, उत्तर परत पाठवायचं ही सगळी उठाठेव स्वतः लिहायची तर जन्म जाईल. त्यासाठी तयार सांगाडे मिळतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. मोठे असतात, छोटे असतात. ‘जँगो’ नावाचा मोठा सांगाडा म्हणजे भांडीकुंडी, आचारी, मांडव यांसकट घेतलेलं मंगल कार्यालय. आणि ‘फ्लास्क’ म्हणजे एक शेगडी. बाकीचं काय लागेल ते आपण आणायचं.

हा फ्लास्क आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन तरुणानं 2010 मध्ये काढला. सुरुवात चक्क एक एप्रिलच्या थट्टेतून झाली होती! आधी ‘बॉटल’ नावाचा असाच एक छोटा सांगाडा होता, म्हणून याचं नाव फ्लास्क.

फ्लास्कचं काम समजायला सोपं आहे. तो दाराशी बसलेला राखणदार. ‘या दारावर टकटक झाली की हे काम कर’ एवढंच त्याला लिहून द्यायचं. टेलिग्रामला आपण आपल्या दाराचा पत्ता कळवून ठेवतो. कुणी बॉटला काही लिहिलं किंवा बटण दाबलं, की टेलिग्राम तो मेसेज पोस्टमनसारखा आपल्या दारात आणून देतो. फ्लास्क दार उघडतो, चिठ्ठी वाचतो, वहीत नोंद करतो, उत्तर देतो. माझा सगळा प्रोग्रॅम एका फाइलीत मावला, जेमतेम दीडशे ओळींत.

प्रश्नही एकच ठेवला. रोज संध्याकाळी सात वाजता बॉट विचारणार, ‘उद्या डबा हवा का?’ खाली तीन बटणं, ‘हवा’, ‘नको’ आणि ‘दोन हवेत’. बटणं का, तर लिहायला सांगितलं की एक जण लिहितो ‘नको’, दुसरा इंग्रजी अक्षरांत लिहितो, तिसरी लिहिते ‘नाही गं काकू, उद्या घरी जातेय’. माणसाला तिन्ही कळतात, बॉटला नाही. बटण दाबलं की वाद नाही.

घोळ झाले, होणारच!

पहिल्याच रात्री फजिती. सात वाजून गेले, बॉट गप्प. मी कंटाळून झोपले. रात्री साडेबाराला सगळ्यांच्या फोनवर ‘उद्या डबा हवा का?’ टिंग! आमचा प्रोग्रॅम ज्या कॉम्प्युटरवर ठेवला होता, त्याचं घड्याळ जागतिक वेळेवर चालत होतं. आपण साडेपाच तास पुढे. त्याच्याकडे सात वाजले तेव्हा आपल्याकडे साडेबारा. दुसऱ्या दिवशी त्याला ‘दीड वाजता विचार’ असं सांगितलं, तेव्हा कुठे आपल्या सातला विचारायला लागला.

दुसरा घोळ बटणांचा. बटण दाबलं की त्यावर गोल गोल फिरत राहायचं, म्हणून मुलं तीन-तीनदा दाबायची. बटण दाबल्याचं कळलं, अशी पोच टेलिग्रामला वेगळी द्यावी लागते. ती मी दिलीच नव्हती.

तिसरा घोळ मोठा. एक दिवस आकडा आला 31, आणि बॉटवर माणसं 25! मुलांनी तीनदा दाबलेलं तर मोजलं गेलंच होतं, शिवाय आपल्याकडून पोच नीट गेली नाही की टेलिग्राम तोच मेसेज पुन्हा आणून देतो. माझा प्रोग्रॅम आपला प्रत्येक वेळी ‘अधिक एक, अधिक एक’ करत होता.

यावर उपाय मला सुचला, पुतणीला नव्हे! आपल्याकडे दुधाचं कॅलेंडर असतं ना भिंतीवर? तारखेच्या चौकोनात खूण करायची, दूध नसेल त्या दिवशी खाडा. त्याच चौकोनात चुकून दोनदा खूण केली म्हणून दूध दुप्पट होत नाही. तसंच केलं. बेरीज करायचीच नाही. प्रत्येकाच्या नावापुढे त्या तारखेचा एक चौकोन. शेवटचं उत्तर त्यात लिहायचं आणि रात्री नऊला चौकोन मोजायचे. पुतणी म्हणाली, “काकू, आम्हाला हे कॉलेजात मोठं नाव देऊन शिकवतात!”

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. संध्याकाळी फोन गप्प. नऊ वाजता बॉटचा एकच मेसेज, ‘हवेत 19, नको 6.’ किती वर्षांनी मी सात ते आठ या वेळात देवापुढे दिवा लावून पाच मिनिटं नुसती बसले असेन! हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण बसले.

गुरुजी गप्प

आमचे एक गिऱ्हाईक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही. वय 78, एकटे राहतात, मुलगा बंगळुरूला. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपसाठी मुलानं त्यांच्या फोनवर टेलिग्राम टाकून दिलं होतं, त्यामुळे बॉटवर स्टार्ट दाबणाऱ्यांत ते पहिले. रोज सात वाजून एक मिनिटानं त्यांचं ‘हवा’ यायचं.

पूर्वी मी त्यांना फोन करायची. “गुरुजी, उद्या पाठवू ना?” “पाठवा वहिनी, पण तिखट जरा कमी.” अर्धा मिनिट. बॉट आल्यावर तो फोन बंद झाला. माझाही वेळ वाचला.

सुरुवातीला नियम लिहिताना पुतणीनं विचारलं होतं, “काकू, कुणी काहीच उत्तर दिलं नाही तर काय धरायचं?” मी पटकन म्हणाले होते, “नको धर.” कारण साधं होतं. मुलं उत्तर देत नाहीत, डबा तसाच परत येतो, अन्न वाया जातं. माझ्या डोळ्यापुढे हॉस्टेलची मुलं होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी घासलेले डबे फळीवर लावत होते. प्रत्येकाचे दोन डबे असतात, एक जातो, एक येतो. फळीवर ‘गु’ रंगवलेला डबा दिसला. आज इथे कसा? वही बघितली. परवा खाडा, काल खाडा, आजही खाडा. गुरुजींनी ‘नको’ म्हटलंच नव्हतं. त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं. आणि बॉटनं माझ्या नियमाप्रमाणे मुकाट्यानं ‘नको’ लिहिलं होतं.

फोन लावला, बंद. डबे पोचवणाऱ्या मुलाला सायकलवर पिटाळलं, मागोमाग मीही गेले. दार आतून बंद. शेजाऱ्यांनी खिडकीतून हाका मारल्यावर खूप वेळानं गुरुजी भिंत धरत-धरत आले. तीन दिवस सणकून ताप, अंगात त्राण नाही, फोनची बॅटरी उतरलेली. पाण्यावर आणि बिस्किटांवर होते. हॉस्पिटलात चार दिवस सलाईन लागलं, बरे झाले. देवाची कृपा. पण आणखी दोन दिवस तो डबा माझ्या नजरेला पडला नसता तर? हा विचार अजून रात्री येतो.

भेटायला गेले तेव्हा गुरुजी हसत म्हणाले, “वहिनी, तुमच्या यंत्रानं मला खाडा लावला!” मग जरा थांबून म्हणाले, “वर्गात हजेरी घेताना एखादा पोरगा गप्प राहिला तर मी लगेच गैरहजर लावत नसे. आधी मान वर करून बघायचो, बाकावर आहे की नाही.”

तिसरा रकाना

घरी येऊन मी पुतणीला फोन केला. ती म्हणाली, “काकू, चूक बॉटची नाही. फ्लास्क दारावर टकटक झाली तरच उठतो. जो टकटक करत नाही, तो त्याच्यासाठी नसतोच.”

तेवढ्या वाक्यात मला सगळं उमगलं. मी गुरुजींना फोन करायची तेव्हा डब्याची चौकशी करतेय असंच मला वाटायचं. प्रत्यक्षात आवाज बारीक येतोय का, खोकला आहे का, हेही कान टिपत होते. ते काम मी कधी काम म्हणून मोजलंच नव्हतं, म्हणून बॉटला सांगितलंही नाही. आणि न सांगितलेलं त्याला कळत नाही. आपण बायका घरात अशी कितीतरी कामं करतो, जी कुठल्याच यादीत नसतात. यादी दुसऱ्याच्या हातात दिली की मगच लक्षात येतं, काय राहिलं ते.

त्या रात्री मी प्रोग्रॅम उघडला. आता वहीत ‘हवा’ आणि ‘नको’च्या जोडीला तिसरा रकाना आहे, ‘उत्तर नाही’. रात्री साडेआठला, आकडा बांधायच्या आधी, अशी नावं बॉट मला पाठवतो. रोज चार-पाच असतात. मी स्वतः फोन करते. बहुतेक वेळा उत्तर येतं, “सॉरी काकू, विसरलो.” एकटं राहणाऱ्यांच्या नावापुढे वेगळी खूण आहे. त्यांचं नाव आलं आणि फोन लागला नाही, तर त्याच रात्री कुणीतरी दार वाजवून येतं. चौथं बटणही टाकलं, ‘काकूंशी बोलायचंय’. या सगळ्याला प्रोग्रॅमच्या वीसेक ओळी लागल्या.

कुणी विचारेल, आता एआयच्या जमान्यात असला बटणांचा बॉट कशाला? जरूर एआय वापरा. अडलं तर मीही त्याला विचारते, ओळी चटकन लिहून मिळतात. पण माझा साधा बॉट मी लिहिलंय त्यापलीकडे एक शब्द बोलत नाही. मनानं भाव सांगत नाही की उगीच कबूल करत नाही. आणि गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं, हे कुणाच्याही मदतीनं केलं तरी आपणच सांगावं लागतं.

ती नर्स? तिला मी मेसेज करून झाल्या चुकीची माफी मागितली आणि नवी पद्धत सांगितली. परत आली नाही, पण तिच्या दोन मैत्रिणी आल्या.

गुरुजी आता पुन्हा सात वाजून एक मिनिटानं ‘हवा’ दाबतात. तरी रविवारी मी त्यांना फोन करतेच. “गुरुजी, उद्या पाठवू ना?” “अहो वहिनी, बटण दाबलंय की मी!” “हो, पण तिखट कमी का, ते बटणावर कुठे आहे?”

तुम्हालाही बॉट करायचाय?

• आधी वहीत आठवडाभर लिहा, गिऱ्हाईक नेमकं काय-काय विचारतं. रोज येणारे तीन-चार प्रश्नच बॉटला द्या.
• लिहायला लावण्यापेक्षा बटणं द्या. बटणामागे जो गुप्त शब्द ठेवायचा, त्याला टेलिग्राममध्ये 64 बाइटची मर्यादा आहे आणि आपलं एक देवनागरी अक्षर-चिन्ह तीन बाइट खातं. म्हणून बटणावर मराठी ठेवा, मागे एखादं इंग्रजी अक्षर.
• टोकन प्रोग्रॅमच्या फाइलीत लिहू नका, वेगळं ठेवा. मदतीला म्हणून फाइल कुणाला पाठवताना तर नक्कीच बघा.
• फ्लास्कला स्वतःचं घड्याळ नसतं. ठरावीक वेळी काही विचारायचं असेल तर ते काम वेगळं लावावं लागतं. वेळ भारताची की जागतिक, ते आधी तपासा.
• बॉटवर बँकेचे तपशील, ओटीपी असलं काही मागू नका. गिऱ्हाइकांनाही सांगून ठेवा की आपला बॉट ते कधीच विचारणार नाही.
• ‘उत्तर आलं नाही तर काय?’ याचा नियम घाईत ठरवू नका. आपली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात एकटी गिऱ्हाइकं डोळ्यापुढे आणा, मग लिहा.